रिकाम्या कोनांच्या बाई

सुरुवातीलाच माफी मागतो. कोणा माणसाचं चित्र शब्दांत काढावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात आजवर लिहिला गेलेला सर्वांत लांब मजकूर म्हणजे वडिलांचा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज, आणि तोही टाइम ऑफिसच्या कारकुनाने लिहून दिलेला. वडिलांनी खाली फक्त सही केली होती. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मराठीच्या सरांनी माझं नाव घातलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. सर म्हणाले, "त्या तुझ्या बाईंबद्दल येता-जाता बोलत असतोस ना? तेच लिहून काढ." मी येता-जाता त्यांच्याबद्दल बोलतो हे मला तेव्हा कळलं. म्हणून हे धाडस करतो आहे. कुठे चुकलं तर दोष माझा धरावा, सिंधूबाईंचा नाही.

सिंधूबाईंना हाका मारून मुलांना बोलावण्याची सवय नव्हती. एखाद्या मुलाला काही सांगायचं असलं की त्या पिशवीतून पुठ्ठ्याचा एक कोन काढत, त्याचं निमुळतं टोक मुलाच्या कानाला लावत आणि रुंद तोंडातून हळूच विचारत, "कान दिला का?" मुलाने मान हलवेपर्यंत पुढचा शब्द नाही. पाचव्या वर्षी माझ्या कानाला तो कोन पहिल्यांदा लागला तेव्हा मी इतका घाबरलो की आईच्या पदरात शिरलो. बाईंनी पदरावरूनच कोन लावला. "कान दिला का?" मी पदराच्या आत मान हलवली. त्यांना ती कशी दिसली कोण जाणे. म्हणाल्या, "मग ये."

कोन म्हणजे सूत गुंडाळायची पोकळ, शंकूसारखी नळी. तेव्हा सिल्वासाच्या आसपास, मसाटला, गलोंड्याला सुताचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते, आणि खानदेशातून माणसं बिऱ्हाडं घेऊन येत होती. आम्हीही साक्री तालुक्यातून तसेच आलो. आमलीत पत्र्याच्या चाळीत एक खोली मिळाली. वडील मसाटला मशीनवर आणि आई दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला. दोघांची पाळी एकत्र आली की मला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावत. चाळीतली बहुतेक मुलं अशीच कडीच्या आत वाढत होती. आम्ही भिंतीवर थापा मारून एकमेकांशी बोलायचो.

सिंधूबाईसुद्धा पॅकिंगलाच होत्या. प्रत्येक जातीच्या सुताच्या कोनाला टोकाशी वेगळ्या रंगाची पट्टी असते. हिरव्या पट्टीच्या पेटीत एखादा निळ्या पट्टीचा कोन गेला, तर पुढे कापडात डाग उमटतो आणि सगळी पेटी परत येते. असा चुकार कोन पेटी बंद होण्याआधी पकडणं हे बाईंचं काम. आई सांगायची की सिंधूबाईंच्या हातून आजवर एकही पेटी परत आली नाही. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. एक दिवस पाळीवरून येताना त्यांनी आमच्या चाळीतून येणाऱ्या त्या थापा ऐकल्या, आणि पुढच्याच महिन्यात काम सोडलं. चाळीच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ एक रिकामी शेड होती. मालकाला विचारून तिथे त्यांनी मुलं गोळा केली. स्टोअरच्या साहेबांची चिठ्ठी घेऊन पोचे आलेले, टाकाऊ कोन त्या पोत्याने आणत. गेटवरचा चौकीदार दर वेळी विचारायचा, "काय बाई, एवढे कोन? दिवाळीचं दुकान लावताय काय?"

"दुकानच लावलंय," बाई म्हणायच्या. "तुमचा नातू पाठवा. एक फटाका कमी पडतोय."

नातू खरंच आला. पुढे त्याच्या आवाजाने शेड दणाणायची.

बाईंचा खेळ सांगायला सोपा आहे. जमिनीवर दहा-बारा कोन उपडे ठेवायचे. प्रत्येकाखाली एक वस्तू: वाटी, मणी, चाक, काडी, केळं, काहीही. ज्याची पाळी त्याच्या कानात बाई त्यातल्या एका वस्तूशी यमक जुळणारा दुसराच शब्द सांगायच्या. "पाटी." मग मोठ्याने खूण द्यायच्या, "पाटीचा जोडीदार भाकरीशेजारी बसतो." मुलाने ओळखायचं आणि वाटी कुठल्या कोनाखाली असेल ते शोधायचं. ओळखलं की एक कोन दुसऱ्या कोनावर ठेवायचा. एका मापाचे कोन एकमेकांत नीट उतरतात आणि 'टप्' असा आवाज येतो. तो आवाज आला की बाई विचारायच्या, "बसला का?" आम्ही सगळे ओरडायचो, "बसला!"

पण पोत्यात दोन मापांचे कोन होते. वेगळ्या मापाचा कोन अर्ध्यावर अडतो. शब्द जवळ आला, पण जुळला नाही, की बाई मुद्दाम तो दुसरा कोन हातात द्यायच्या. हंसा नावाची एक गुजराती मुलगी होती. तिने एकदा डबा उघडून सांगितलं, "रोटली." कोणी म्हणालं, "पोटली." टप्, बसला. मी म्हणालो, "टोपली." बाईंनी दुसऱ्या मापाचा कोन दिला. तो अडला. मी दाबून पाहिला, गुडघ्यात धरून दाबला. बाई म्हणाल्या, "जोर नको लावू राजा. टोपली चुकली नाही, अडकली आहे. तिचा जोडीदार दुसरीकडे बसलाय." आमच्या शेडमध्ये चूक असं काही नव्हतंच. एकतर बसायचं, नाहीतर अडकायचं. गुजराती, हिंदी, मराठी, कुठलाही शब्द चालायचा. एका आईने तक्रार केली की पोरगं सगळ्या भाषांची खिचडी करतं. बाई म्हणाल्या, "आधी भूक तर लागू द्या. पानं मग वेगळी वाढू."

माझी भूक मात्र लवकर लागली नाही. मी घरी अहिराणी बोलायचो. पहिल्याच आठवड्यात मी "माले पाणी दे" म्हणालो आणि शेड हसली. चौकीदाराचा नातू तर "माले, माले" करत नाचला. त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी तोंड उघडलं नाही. पाणीसुद्धा बोटाने मागायचो. बाईंनी मला काही विचारलं नाही, समजावलं नाही. एक दिवस त्यांनी एक कोन मधोमध उभा केला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "हा 'माले'. ह्याचा मनोरा करायचा. बघू कोण उंच नेतो."

मग हंसा म्हणाली, "नाले!" शेडमागे नाला होता, तिने बोटही दाखवलं. टप्. "भाले!" टप्. "पाले!" टप्. "वाले!" टप्. चौकीदाराचा नातू उठला, छाती काढून म्हणाला, "साले!"

सगळे हसून लोळले. बाईंनी शांतपणे कोन चढवला. "बसला. पण हा घरी न्यायचा नाही हं."

मनोरा माझ्या कमरेइतका झाला आणि थांबला. बाईंनी माझ्या कानाला कोन लावला. "कान दिला का?" मी मान हलवली. आणि त्या कोनातून त्या अहिराणीत बोलल्या. शेडमध्ये त्या कधी तशा बोलत नसत. "भटू, आते तूच सांग. माले, आनि?"

मी म्हणालो, "तुले."

तो कोन मीच ठेवला. दोन्ही हातांनी, जपून. बाई कोनातून माझ्याच कानात म्हणाल्या, "बठना!" म्हणजे बसला. तेव्हापासून शेडमध्ये सगळ्यांसाठी 'बसला' आणि माझ्यासाठी हळूच 'बठना' असं ठरून गेलं. मी बोलायला लागलो ते अजून थांबलेलो नाही, असं माझे वसतिगृहातले मित्र म्हणतात.

शेडमधली मुलं पहिलीत गेली आणि भराभर वाचू लागली. मराठी शाळेतले एक गुरुजी माझ्या वडिलांना म्हणाले होते, "ह्या आमलीच्या पोरांना वाचायला शिकवावं लागत नाही, नुसतं गप्प बसवावं लागतं." वडिलांनी ते बाईंना सांगितलं. बाईंनी ते त्यांच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं.

मी सातवीत असताना आमलीत रीतसर बालवाडी निघाली. पक्की खोली, तक्ते, झोपाळा, सगळं आलं. आम्हाला वाटलं, बाईंची शेड आता पक्की झाली. कार्यालयातून एक मॅडम आल्या. शेडमध्ये तासभर बसल्या, स्वतः दोन कोन चढवून पाहिले आणि खरंच खूश झाल्या. पण शिक्षिकेच्या जागेला दहावी पास लागत होतं आणि बाई सातवी. मॅडमना ते सांगताना वाईट वाटत होतं. "तुमचं काम मी डोळ्यांनी पाहिलं, सिंधूबाई. पण मला कागद लागतो."

"कागदच ना?" बाई म्हणाल्या. "मग आणते."

तोपर्यंत त्यांनी मदतनीस म्हणून राहायचं ठरलं. खोली झाडायची, खिचडी करायची, मुलांचे हात धुवायचे. शिक्षिका दुसऱ्या आल्या, तात्पुरत्या नेमणुकीवर. त्या काही वाईट नव्हत्या. पण कोनांना धूळ बसते, मुलं खोकतात, म्हणून त्यांनी पोती अडगळीत ठेवली. मुलं हाताची घडी घालून तक्त्यावरची गाणी म्हणू लागली. मी शाळेतून येताना खिडकीतून पाहायचो. एकदा बाई नळाशी मुलांचे हात धूत होत्या. प्रत्येकाच्या तळव्यावर साबण ठेवताना एक शब्द सांगत होत्या आणि मूल जोडीदार सांगेल तेव्हाच पाणी सोडत होत्या. "फणी?" "मणी!" पाणी. "गाडी?" "साडी!" पाणी. मला पाहून त्या म्हणाल्या, "हात तर धुवायलाच लागतात ना, भटू? त्याला कुठे दहावी लागते?"

हसून म्हणाल्या, पण पोती अडगळीत गेल्याचं त्यांना किती लागलं होतं ते मला ठाऊक आहे. त्या रोज झाडताना अडगळीचं दार उघडून कोन पुसून ठेवत.

बाहेरून दहावीला बसायचं म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. त्यांनी तो माहेरी, साक्रीला भरला. दर मार्चमध्ये रजा घेऊन, एसटी बदलत त्या परीक्षेला जात. पहिल्या वेळी इंग्रजी आणि गणित राहिलं. दुसऱ्या वेळीही तेच दोन. चाळीत काही बाया टोमणे मारायच्या, "सिंधूबाई, नातवंडं खेळवायच्या वयात कंपास घेऊन कुठं निघाल्या?" बाई म्हणायच्या, "नातवंडांनाच दाखवायला निघाले."

मग असं झालं की त्या तिसऱ्यांदा बसल्या त्याच वर्षी माझीही दहावी आली. संध्याकाळी मी पुस्तकं घेऊन त्यांच्या ओट्यावर जायचो. मला त्यांना शिकवायची फार लाज वाटायची. पहिले आठ दिवस मी शिकवलं तेही चोरट्यासारखं. इंग्रजी शब्द त्यांच्या डोक्यात राहत नव्हते. शेवटी एक दिवस मी धीर करून म्हणालो, "बाई, तुमच्या अडगळीतून वीस कोन आणू का?" मी त्यांच्यावर शाईने शब्द लिहिले. लाइट, नाइट, राइट, फाइट. एकावर एक चढवायला दिले आणि, लिहितानाही संकोच वाटतो, मी बाईंना विचारलं, "बसला का?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "बसला, बाई," त्या मला म्हणाल्या. "बसला!"

निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला. घरातला पहिला दहावी पास मी. वडील चाळभर पेढे वाटत फिरले. बाईंच्या घरी आम्ही गेलो तेव्हा मी सगळ्यांच्या मागे मागे राहत होतो, कारण त्यांचा निकाल साक्रीहून अजून यायचा होता. तो चार दिवसांनी आला. बाई स्वतः पेढे घेऊन आमच्याकडे आल्या. आईने घाईने विचारलं, "विषय सुटले का?"

"इंग्रजी बसलं," बाई म्हणाल्या. "गणित अडकलं."

नापास हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. पण मला वाटलं, गणित माझ्यामुळे अडकलं. समीकरणं शिकवताना मी पुस्तकातली वाक्यंच पुन्हा पुन्हा वाचली होती. त्या विचारायच्या, "हा एक्स कोण? कुठून येतो? काय असतो?" मी म्हणायचो, "तसं मानायचं असतं, बाई." त्या मान हलवायच्या. कान दिल्याची मान ती नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी नाशिकला कॉलेजला निघालो तेव्हा त्या वापीच्या बस स्टँडपर्यंत आल्या. पिशवीतून एक कोन काढून दिला. हिरव्या पट्टीचा, पोचा नसलेला. "पेनं ठेव यात. आणि कोणी हसलं तर मनोरा करायचा, लक्षात आहे ना?" मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "उशीर होईल, गाडी सुटेल." तो कोन आत्ता हे लिहिताना माझ्यासमोर आहे.

पुढच्या वर्षीही त्यांचं गणित अडकलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा कळलं की कार्यालयाने ठरवलंय, येत्या निकालानंतर शिक्षिकेची जागा कायमची भरायची. वयाचीही अट होती आणि बाईंचं पंचेचाळिसावं जवळ आलेलं. म्हणजे हा मार्च शेवटचा. मी म्हणालो, "बाई, मी सुट्टी घेऊन येतो. गणित करू." त्यांनी साफ नाही म्हटलं. "तुझी परीक्षा तुला, माझी मला. या खेपेला माझं मी शोधते."

मार्च गेला. जून गेला. मी घरी दोन पत्रं टाकली, दोन्हींत विचारलं. धाकट्या बहिणीने उत्तरात पाऊस, आईचा गुडघा, शेजारच्यांचं लग्न, सगळं लिहिलं. बाईंबद्दल एक ओळ नाही. मी समजायचं ते समजलो. हा लेख मी त्याच दिवसांत लिहायला घेतला, आणि वरच्या परिच्छेदापाशी येऊन थांबलो. सरांना दाखवला. ते म्हणाले, "शेवट नाही याला." मी म्हणालो, "आहे तो लिहवत नाही, सर." पंधरा दिवस वही तशीच मिटून ठेवली.

परवा दुपारी वसतिगृहाच्या शिपायाने हाक मारली. रेक्टरांच्या खोलीत माझा फोन होता. सिल्वासाहून. घरून फोन येण्याची रीत नाही, त्यामुळे जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो. फोनवर वडील होते. ते फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात.

"भटू! मी काही सांगणार नाही! मला मनाई आहे! दोन महिने आम्हा सगळ्यांना मनाई होती, हातात कागद येईपर्यंत कोणी तुला कळवायचं नाही म्हणून! घे, ऐक!"

काहीतरी खडखडलं. मग अगदी हळू आवाज आला, जणू रिसीव्हर पुठ्ठ्याचाच असावा.

"कान दिला का?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान दिसणार नाही. "दिला, बाई."

"अरे, तो एक्स!" त्या म्हणाल्या. "कोनाखाली लपवलेली वस्तू रे ती! बाहेर जे दिसतंय त्यावरून आत काय आहे ते ओळखायचं. एवढंच! जन्मभर मी पोरांना तेच करायला लावलं आणि मलाच ओळखू आलं नाही. आणि तू एवढा शिकलेला, तू तरी सांगायचंस की नाही मला?"

"मलाही आत्ताच कळलं, बाई."

"बरं झालं. मग दोघंही एकदमच शिकलो." मागे मुलांचा गलका ऐकू येत होता; सगळी बालवाडीच त्या फोनच्या दुकानात घेऊन आल्या असाव्यात. "ऑर्डर निघाली. गेल्या सोमवारपासून मी बाई. आता कागदावरची. पहिल्या दिवशी पोती बाहेर काढली, ऊन दाखवलं." मग त्यांचा आवाज आणखी खाली आला आणि त्या अहिराणीत म्हणाल्या, "बठनं रे, भटू. गणितबी बठनं."

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. रेक्टर माझ्याकडे पाहत होते. पलीकडे बाई कोणाला तरी म्हणाल्या, "धर, इथे जवळ धर, त्याला ऐकू जाऊ दे."

आणि फोनमध्ये तो आवाज आला. टप्.